चकत्यांची वही

माझ्या लिओनीला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून कुणाला तरी ओल्या फरशीवर धावू नको म्हणून ओरडत होती. वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि ती खाली बसली. वय बेचाळीस. तोवर साधी डोकेदुखी झाली तरी ती समुद्रात एक बुडी मारून घालवणारी मुलगी.

इस्पितळातून ती घरी आली ती चालत आली, हे आधी सांगून टाकते. डावा हात मात्र मागे राहिला. बोटं हलायची, पण पकड नव्हती. दुसरी गोष्ट बाहेरून दिसायची नाही. जुनं सगळं तिला लख्ख आठवायचं. शाळेत असताना मी चालवायचे त्या बसमध्ये कोण कुठल्या बाकावर बसायचं तेसुद्धा ती सांगायची. पण सकाळी न्याहारीला ठरलेली गोष्ट जेवणापर्यंत टिकायची नाही. नवीन काही डोक्यात ठेवायला गेलं की वाळूत पाणी ओतल्यासारखं निघून जायचं.

तिचा नवरा अँटन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला खाणीवर काम करतो. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. म्हणून मी माझं घर भाड्यानं दिलं आणि समुद्रकाठी फिंचर्स बीचला तिच्याकडे राहायला आले. आम्ही दोघी एका छपराखाली म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा.

तिच्या हाताला आणि डोक्याला पुन्हा कामाला लावायला जोआना नावाची एक तरुण बाई यायची. तिनं आधी फोनमध्ये आठवणीचे गजर लावून दिले. फोन वाजायचा, लिओनी अंगठ्यानं तो बंद करायची आणि कशाला वाजला ते बंद केल्याबरोबर विसरायची. मग मी हौसेनं एक डायरी आणली, वर पिवळ्या वॉटलची, आमच्याकडच्या बाभळीची, फुलं होती. त्या डायरीनं आमचा घात केला. डॉक्टरांची वेळ बदलली, लिओनीनं नवीन तारखेला लिहून ठेवलं, पण जुन्या तारखेवरचं खोडायचं राहिलं. जुनं वाचून ती गेली. तिथल्या मुलीनं आज तुमचं नाव नाही म्हणून सांगितलं, तरी ही हट्टानं दुपारपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. घरी येऊन तिनं डायरी कचऱ्यात टाकली. मी ती काढून पुसून ठेवली, आणि त्यावरून आमचं भांडण झालं.

जोआनाचं म्हणणं असं पडलं की वही दुसऱ्या कुणी आणून उपयोग नाही. जिची आठवण तिची निवड. म्हणून एका मंगळवारी आम्ही जवळच्या शहरातल्या, कॉफ्स हार्बरच्या, मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो.

दुकानातली पाऊण भिंत वह्यांचीच होती. लिओनीनं एकेक खाली घ्यायला सुरुवात केली. शिवलेल्या वह्या तिनं उघडूनही पाहिल्या नाहीत. पान हलत नाही, मग माझी तारीख हलली तर मी काय करू, म्हणाली. तारेच्या वह्यांची तीच तऱ्हा. कड्यांची फाइल मला पसंत होती. पानं काढता येतात, घालता येतात, मजबूत असते, माझ्या बसच्या नोंदी वर्षानुवर्षं मी तशाच फाइलीत ठेवल्या. लिओनीनं ती मांडीवर घेतली आणि कडी उघडायला गेली. कडी उघडायला दोन हात लागतात. उजव्या हातानं एक टोक ओढलं की दुसरं टोक हलायचं नाही. तिनं दातांनी धरून पाहिलं. शेवटी मी हात पुढे केला.

"आई, प्रत्येक पानाला तू येणार आहेस का?" ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागला. मी हात मागे घेतला आणि पेनांच्या बाजूला जाऊन उगाच पेनं बघत बसले.

परत आले तर माझी मुलगी दुकानाच्या फरशीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर एक वही. तिच्या कण्याला ना तार ना कडी; बटणासारख्या काळ्या चकत्यांची एक रांग होती. पानांच्या कडेला अळंबीच्या आकाराच्या खाचा कापलेल्या, आणि त्या खाचा चकत्यांच्या काठाला धरून बसलेल्या. लिओनीनं एक पान वरच्या कोपऱ्याला धरलं आणि केळ्याचं साल सोलावं तसं ओढलं. टप टप टप करत ते सुटलं. मग ते दुसऱ्या जागी ठेवून अंगठा कडेवरून खाली फिरवला आणि पान पुन्हा बसलं. एका हातानं. डावा हात नुसता वहीवर वजन म्हणून पडला होता, आणि तेवढंच त्याच्याकडून हवं होतं.

तिनं ते पुन्हा केलं. मग पुन्हा. दुकानातली मुलगी आली, काही मदत हवी का म्हणून विचारलं, आणि लिओनीचा चेहरा बघून परत गेली. मला विचाराल तर मला ते खेळणं वाटलं होतं. दिसायलाही तसंच, सोबत चिकटवायला फुलाफुलांची चित्रं. पण झटका आल्यापासून तिला एखादी गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय, एका दमात जमताना मी पहिल्यांदा पाहत होते. मी तोंड बंद ठेवलं, जे मला सहसा जमत नाही.

निवडायला तिनं तासभर घेतला. मोठ्या आकाराची वही छान उघडायची, पण एका हातात पेलायची नाही. सगळ्यात छोटी खिशात मावायची, पण झटक्यानंतर तिचं अक्षर मोठं झालं होतं, त्यात दोनच ओळी बसल्या असत्या. मधली घेतली. चकत्याही लहान-मोठ्या मिळत होत्या. मोठ्या लावल्या तर पानं जास्त मावतात आणि वही जड होते, म्हणून तिथंही मधल्या. पुठ्ठ्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घेतलं, कारण ती जिथं वावरते तिथं सगळं ओलं होतं. आणि साध्या कागदाला तशाच खाचा पाडणारं एक यंत्र घेतलं. ते महाग होतं आणि मी तसं म्हणालेही. ती म्हणाली की छापील पानांत दुसऱ्यांचे दिवस असतात, मला माझी पानं करायची आहेत.

ते यंत्र दाबायला जोर लागतो. लिओनी ते जमिनीवर ठेवायची आणि त्यावर गुडघा टेकायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातून खटाक खटाक असा आवाज यायचा आणि शेजारचा कुत्रा भुंकायचा.

वही आणली आणि सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले काही आठवडे ती सगळंच लिहायची. काय खाल्लं, कोण आलं, आकाश कसं होतं. वही फुगली आणि त्यात काही सापडेना. एका पानावर नुसतं 'त्याला हो सांगितलं' असं लिहिलेलं होतं. कुणाला, कशाला, दोघींनाही पत्ता नाही. आम्ही अजून वाट बघतोय की कोणीतरी येईल आणि म्हणेल, चला.

मग तिनं छाटायला घेतलं. आजचं पान कायम सगळ्यात वर. झालेलं काम दिसेल असं खोडायचं, आणि दिवस संपला की पान सोलून मागच्या कप्प्यात. माणसाचं नाव लिहिल्याशिवाय वाक्य संपवायचं नाही. डॉक्टरांची वेळ बदलली तर खोडाखोड नाही, ते पानच उचलून नव्या दिवसामागे. त्या वॉटलच्या डायरीनं जे केलं ते या वहीत होऊच शकत नव्हतं. हळूहळू ती मला विचारायची बंद झाली. "आई, आज काय आहे?" हा प्रश्न दिवसातून कितीदा यायचा, तो एक दिवस आलाच नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मूर्खपणा, पण वाटलं.

आता क्लबचं सांगते. फिंचर्स बीचचा सर्फ क्लब, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचा, म्हणजे आमचं गावच. माझा नवरा मरेपर्यंत क्लबचा जीवरक्षक म्हणूनच ओळखला गेला, लिओनी चालायला लागली ती तिथल्या वाळूत. दर उन्हाळ्यात क्लबच्या शर्यती होतात. किनाऱ्यालगतचे सगळे क्लब येतात. पोहण्याच्या, लाटांवरच्या फळीच्या, होडीच्या, वाळूत झेंडे पळवायच्या शर्यती, अगदी गुलाबी बनियन घातलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. ते सगळं नऊ वर्षं लिओनीनं चालवलं होतं. कुठली शर्यत कधी, कुठं, पंच कोण, सगळं डोक्यात. कागद वापरतात ते घाबरट, असं तेव्हा तीच म्हणायची.

त्या वर्षी वसंतात क्लबची बैठक भरली. अध्यक्ष रसेल टिंडल. चांगला माणूस, लिओनीला फळीवर उभं राहायला त्यानंच शिकवलं. तो उठला आणि फार हळुवारपणे म्हणाला की यंदा लिओनीनं विश्रांती घ्यावी, शर्यतींचं आम्ही दोघं-तिघं मिळून बघू, आणि तिच्यासाठी पंचांच्या तंबूत मानाची खुर्ची असेल. सगळ्यांनी माना हलवल्या. खुर्ची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी उठणार होते. लिओनीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो डावा, जड हात.

"रसेल, तुम्ही आत्ता जे बोललात ते मी उद्यापर्यंत विसरेन," ती म्हणाली. "थांबा, लिहून घेते."

आणि तिनं खरंच लिहून घेतलं. सगळी बैठक ताटकळत बसली. मग तिनं वहीतली काही पानं सोलली आणि टेबलावर मांडली. मला याचा पत्ता नव्हता. एका शर्यतीला एक पान असं तिनं सगळं करून ठेवलं होतं. वर शर्यतीचं नाव, खाली पंच, सामान, जागा, आणि तळाला दोन चौकोन, सुरू झाली आणि संपली. पाण्यातल्या शर्यतींच्या पानांना निळी कड, वाळूतल्यांना पिवळी.

"काय झालं आणि काय राहिलं, हे माझ्या डोक्यात टिकत नाही. ते इथं टिकेल," ती म्हणाली. "पण समुद्र बघून काय करायचं, ते माझ्या डोक्यात आहे. ते तुम्हीच शिकवलंत आणि ते कुठं गेलेलं नाही. मला खुर्ची नको."

रसेलनं पानं हातात घेऊन पाहिली. एकेक पान त्यानं तळापर्यंत वाचलं. मग म्हणाला, ठीक, पण दिवसभर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. लिओनीनं तेही लिहिलं आणि वही त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, सही करा, नाहीतर मी विसरल्याचा फायदा घ्याल. हसत हसत त्यानं सही केली.

शर्यतींच्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो तर समुद्र फुगलेला. दक्षिणेकडून लाटा येत होत्या, हवामानवाल्यांनी सांगितल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आणि पाण्याखालचा मधला वाळूचा उंचवटा, ज्याच्या आडोशानं पोरांच्या शर्यती व्हायच्या, तो वाहून गेला होता. वाहनतळ भरलेला, तंबू लागलेले, सॉसेजचा धूर निघालेला, पोरं बनियन घालून नाचत होती. रसेल म्हणाला, आता सगळं उलटंपालटं होणार.

लिओनी पाण्याच्या कडेला गेली आणि नुसती बघत उभी राहिली. कुणी काही विचारलं तर हातानं थांब म्हणायची. मग परत येऊन माशांच्या एका उपड्या क्रेटवर बसली, वही मांडीवर घेऊन डाव्या हातानं दाबून धरली आणि पानं सोलायला लागली. ओहोटी आहे तोवर उत्तरेच्या खडकाआड पाणी शांत राहील, म्हणजे पोरांचं पोहणं आणि फळ्या आधी, तिकडे. भरती चढेल तेव्हा सगळे वाळूवर, म्हणजे झेंडे मधे. मोठ्यांच्या शर्यती त्यानंतर. होड्या सगळ्यात शेवटी, आणि त्याही समुद्रानं हो म्हटलं तर. निळी पानं वर, पिवळी मधे, अंगठा खाली फिरवला, झालं. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा. रसेल तिच्या खांद्यावरून वाचून कर्ण्यावर सांगत गेला आणि सगळा किनारा उठून उत्तरेकडे चालू लागला. मी चहाच्या तंबूत होते. माझ्या हातातला कप थंड झाला.

दुपारपर्यंत घड्याळासारखं चाललं. मग एका बापानं येऊन हुज्जत घातली की माझ्या पोरीला बाद का केलं. लिओनी त्याला समजवायला बाजूला गेली आणि वही क्रेटवरच राहिली. परत आली ती वहीकडे न बघताच कर्णा उचलला आणि बायकांच्या पोहण्याच्या शर्यतीला रेषेवर बोलावलं.

ती शर्यत होऊन गेली होती. जिंकलेली बाई टॉवेल गुंडाळून सँडविच खात होती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. रसेलचा हात कर्ण्याकडे गेला.

लिओनीला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. तिनं कर्णा दिला नाही. क्रेटपाशी गेली, पट्टा सरकवला, पान काढलं. तळाचे दोन्ही चौकोन भरलेले होते. तिनं ते पान वर धरलं.

"माझी चूक," तिचा आवाज सगळ्या किनाऱ्यावर ऐकू गेला. "ही शर्यत झाली. मला झटका आला होता, तेव्हापासून माझ्या डोक्यात नवीन काही राहत नाही, म्हणून ही वही आहे. मी तिच्याकडे बघितलं नाही. आता बघते. पुढची शर्यत पुरुषांच्या पोहण्याची."

तेवढ्यात ती सँडविचवाली बाई ओरडून म्हणाली की मला पुन्हा जिंकायला काही हरकत नाही, आणि सगळा किनारा हसला. हे हसणं वेगळं होतं. लिओनीही हसली. मग तिनं मला हाक मारली आणि तंबूची एक दोरी घेऊन वही स्वतःच्या कमरेला बांधायला लावली. त्या दुकानात तिनं मला हात मागे घ्यायला लावला होता. इथं सगळ्यांसमोर स्वतः बोलावलं. मी गाठ मारली, बस चालवणाऱ्या बाईची गाठ, सुटणार नाही अशी.

शेवट होड्यांनी होणार होता. लोक खरे त्यासाठीच थांबतात. लिओनी पुन्हा पाण्यापाशी गेली, बघत राहिली, आणि आल्यावर होड्यांचं पान सोलून मागच्या कप्प्यात घातलं. दक्षिणेकडच्या एका क्लबचा नाखवा तावातावानं येऊन म्हणाला, आम्ही इतक्या लांबून होडी ओढत आणली, यापेक्षा मोठ्या लाटांत आम्ही गेलोय, आणि तुला तर सकाळचं दुपारी आठवत नाही. हे शेवटचं तो बोलायला नको होता, आणि बोलल्यावर त्यालाही ते कळलं.

"मला सकाळचं आठवायची गरज नाही," लिओनी म्हणाली. "लाटा आत्ता समोर आहेत. होड्या नाहीत."

तो रसेलकडे वळला. रसेलनं स्वतः तीस वर्षं त्या होड्या वल्हवल्या, त्याच्या एका खांद्याचं हाड त्यातच मोडलंय. तो म्हणाला, "तिनं सांगितलं ना." बाकी काही नाही. आणि मग तिच्या शेजारून निघून चहाच्या तंबूत येऊन बसला, दिवसात पहिल्यांदा. माझ्याकडे चहा मागितला. आता तिच्या शेजारी कुणी उभं राहायची गरज नव्हती. हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण सही केलेला शब्द मोडून तो आला होता.

आजूबाजूला दुसऱ्या क्लबांच्या बायका होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, ती कमरेला वही बांधलेली कोण? मी म्हटलं, माझी मुलगी. तिनं ऐकलं होतं, तरी मी पुन्हा एकदा सांगितलं.

संध्याकाळी घरी मासे आणि बटाट्याचे काप आणले होते, कागदातच खात होतो. लिओनी दमली होती. दिवसाची सगळी पानं तिनं टेबलावर पसरली आणि बघत बसली. मग म्हणाली की सकाळचा समुद्र आठवतोय, पानं सोलल्याचं आठवतंय, पुढचं तुकड्यातुकड्यांत आहे. कोरं पान घेतलं आणि पेन उघडलं.

"आई, तू सांग. पहिल्यापासून."

मी सांगायला लागले. सगळे उत्तरेकडे कसे चालत गेले, ती चिल्लीपिल्ली फळ्या डोक्यावर घेऊन कशी पळत होती. ती लिहीत होती, मोठ्या अक्षरात, पानं भरत होती. मधे थांबून म्हणाली, चुकले असेन तेही सांग, गाळू नकोस. मी तेही सांगितलं, टॉवेल आणि सँडविचसकट. तिनं तेही लिहिलं आणि हसली, जणू दुसऱ्याच कुणाची गंमत ऐकतेय. मग मी नाखव्याचं सांगितलं, त्याला तिनं काय उत्तर दिलं ते सांगितलं, आणि सगळा किनारा तिच्याकडे बघत होता, रसेलसुद्धा, तिचा बाप असता तर त्यानं टोपी काढली असती, असंही सांगितलं.

ती थांबली. "आई, हे तू वाढवून सांगतेयस."

"गुमान लिही," मी म्हटलं.

आणि तिनं लिहिलं.